उलटा फेरा

आमच्या घरात मार कुणी खायचा हे ठरलेलं होतं. विलासदादानं. चूक त्याची असली तरी तो मार खायचा आणि माझी असली तरी तोच खायचा. माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती, ती सहा महिन्यांची होऊन गेली. मी वर्षाची झाले, पावलं टाकायला लागले, तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गळ्यात तुळशीची माळ घातली आणि देवाला शब्द दिला की मुलीच्या अंगाला कधी हात लावणार नाही. तो शब्द त्यांनी मरेपर्यंत पाळला. पण राग कुठं जाणार? तो दादाच्या पाठीवर जायचा. मी दूध सांडलं, दादाला दोन. मी गणितात नापास झाले, दादाला चार, कारण त्यानं माझ्यावर लक्ष ठेवलं नाही. आबा दारू पीत नव्हते, विडी ओढत नव्हते, मटण-मासळीला शिवत नव्हते. शुद्धीत मारायचे, त्यामुळं नेम चुकत नसे. आणि मीही काही गरीब गाय नव्हते. दादाशी भांडण झालं की मुद्दाम काहीतरी फोडायची आणि कोपऱ्यात उभी राहून बघायची. लिहायला बसलेच आहे तर अर्धं कशाला लिहू.

घणसोली गावात, देवळामागच्या गल्लीत, चांगुणाबायच्या घराला चिकटून असलेली एक खोली आमची होती. आम्ही साताऱ्याकडचे सुतार. नव्या शहराच्या इमारती उठत होत्या आणि त्यांना दारं-खिडक्यांच्या चौकटी लागत होत्या, म्हणून आबा इकडं आले. चांगुणाबाय मूळची तिथलीच. तिची भातशेती त्याच इमारतींखाली गेली होती, घरामागचं खळं तेवढं उरलं होतं, आणि त्या खळ्यात पत्र्याच्या आडोशाखाली आमची जत्रेत फिरवायची चक्री असायची. सकाळी इकडं आई हुलग्याचं माडगं ढवळायची आणि तिकडं चांगुणाबाय चुलीवर सुकट भाजायची. मधली भिंत पुरुषभर उंचीची होती, वर कौलांपर्यंत मोकळंच. तो वास आला की आबा जोरजोरात हरिपाठ म्हणायला लागायचे. चांगुणाबाय पलीकडून मुद्दाम तवा आपटायची. "सुतार, तुजा देव नाकान बसलाय का र?" असं ती विचारायची आणि आबा उत्तर म्हणून आवाज आणखी वाढवायचे. आई माडग्यावर झाकण ठेवून हसू दाबायची. आमच्या घरात हसण्याचे प्रसंग असे, भिंतीपलीकडून येणारे.

आबा कीर्तनाला गेले की चांगुणाबाय मला हाक मारायची. "ये गो पोरी, बस. बापूस दोन तास येनार नाय." मग तांदळाची मऊ भाकरी आणि खाडीतल्या कोलबीचं लालभडक कालवण. मी बोटं चाटूनपुसून, साबणानं हात धुऊन, तोंडात बडीशेप टाकून घरी यायची. एकदा आबांनी माझे हात हुंगले. दादा बाहेर ओट्यावर पायातला काटा काढत बसला होता. त्याला आत बोलावलं, दाराची कडी घातली, आणि माझ्या कोलबीचा हिशोब त्याच्या पाठीवर झाला. बाहेर आल्यावर दादा मला म्हणाला, "शके, आता खाल्लीस ती खाल्लीस. निदान मला एक तरी आणायचीस." दादाचा स्वभाव असा होता. तो एकोणीस वर्षांचा, मी सोळाची.

आता चक्रीबद्दल सांगते, कारण आमच्या घरातलं सगळं तिच्याभोवती होतं. आकाशपाळणा वेगळा, तो वर जातो. आमची चक्री जमिनीलगत फिरायची. मधोमध सागाचा खांब, त्यावर बैलगाडीच्या चाकासारखं पण त्याच्या चौपट मोठं आडवं चाक, चाकाला आठ आरे आणि प्रत्येक आऱ्याच्या टोकाला एक लाकडी घोडा. वर रंगीत कापडाचा मांडव आणि मांडवाच्या शेंड्याला पत्र्याची टोपी. इंजिन नव्हतं. दोघांनी आत शिरून, दांडक्याला छाती लावून, गोल धावत ती ढकलायची. करंजाचं तेल कमी पडलं की खांब कण्हायचा, आणि घोड्यांच्या पोटाखाली बांधलेल्या घुंगरांचा आवाज दोन शेतं पलीकडं जायचा. आबांनी हे घोडे एका उस्तादाच्या हाताखाली शिकून शिवणीच्या लाकडात स्वतः कोरले होते. एक घोडा करायला त्यांना अख्खा पावसाळा लागे. वाकसानं ढोबळ अंग काढायचं, मग पटाशीनं आयाळ, नाकपुड्या, दात. आबांचे घोडे रागीट होते. दात विचकलेले, मान वाकडी केलेली, डोळे बाहेर आलेले. लहान मुलं आधी भोकाड पसरायची आणि एकदा बसली की उतरताना भोकाड पसरायची. मीही त्यांना भ्यायची आणि दुपारी कुणी नसलं की त्यातल्या पांढऱ्याच्या मानेला मिठी मारून बसायची. ज्या हातांनी दादाच्या पाठीवर वळ उठवले त्याच हातांनी ही आयाळ केसागणिक कोरली, हे तेव्हाही मला कळत होतं आणि त्याचं काय करायचं ते आजही कळलेलं नाही.

प्रत्येक घोड्याची एक बाजू नटलेली असायची. झूल, गोंडे, आरशाचे तुकडे, सगळं डाव्या अंगाला. उजवं अंग साधं, रंधा मारून सोडलेलं. कारण चक्री उजवी फिरायची, देवाला प्रदक्षिणा घालतो तशी, मधला खांब उजव्या हाताला ठेवून. मग बाहेर उभ्या असलेल्या लोकांना डावं अंगच दिसणार. आबा त्याला दर्शनी अंग म्हणायचे. जत्रेत चक्री देवीच्या समोर फिरते, तेव्हा तिनं देवीचीच रीत पाळायची, असं त्यांचं म्हणणं. उलटे फेरे माणूस आयुष्यात एकदाच घालतो, खांद्यावर मडकं घेऊन, चितेभोवती.

माझ्या नातवानं मागे मला फोनवर वाचून दाखवलं की तिकडं परदेशात चक्रीला जो शब्द आहे तो 'छोटी लढाई' अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला. पूर्वी म्हणे घोडेस्वार गोल दौडत एकमेकांवर मातीचे गोळे फेकायचे, पुढं भाल्याच्या टोकानं टांगलेली कडी उचलायचे, आणि त्याचा सराव करायला लाकडी घोडे खांबाभोवती फिरवायचे. ते फिरवायला आत माणूस नाहीतर खेचर जुंपायचे. आजी, म्हणजे हा युद्धाचा खेळ होता, असं तो मोठ्या कौतुकानं म्हणाला. मी म्हटलं, बाळा, हे मला कुणी वाचून दाखवायला नको. त्यानं आणखी एक सांगितलं. काही देशांत चक्र्या उजव्या फिरतात, काहींत डाव्या. दोन्हीकडं लोक हसत बसतात आणि हसत उतरतात. त्यावरून कुणी कुणाचं डोकं फोडत नाही.

आता कुंकवाची गोष्ट. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असे. वाकस, पटाशी, रंधा, करवत पाटावर मांडायचं, आणि चाकाच्या मधल्या जाड ठोकळ्याला, ज्याला आबा तुंबा म्हणत, कुंकवाचं बोट लावायचं. हे बोट नेहमी वरच्या अंगाला. पूजा ती होतीच, पण त्याला कामाचाही अर्थ होता. चाक दोन्ही अंगांनी सारखंच दिसायचं, मात्र घोड्याची खुंटी बसायची ती खाच तिरकी होती. चाक पालथं बसलं तर आठही घोडे तोंड फिरवून बसणार आणि चक्री उलटी फिरणार. म्हणून जत्रेत चाक चढवताना आधी कुंकू बघायचं. कुंकू वर, म्हणजे चाक बरोबर. आबांनी हे दादाला इतक्या वेळा घोकवलं होतं की तो झोपेतही बोलला असता.

त्या वर्षी खाडीच्या खाऱ्या हवेनं लाकूड खायला सुरुवात केली होती, म्हणून आबांनी अख्ख्या चाकाला दोन्हीकडून तांबडा ऑक्साइड मारला. जुन्या कुंकवाचा डाग त्याखाली गेला. खंडेनवमीला चाक खळ्यात पालथं पडलेलं होतं, कारण खालची बाजू शेवटी रंगवली होती आणि ती वाळत होती. आईचे हात पुरणात होते. ती म्हणाली, "शके, तेवढं तुंब्याला कुंकू लाव. वरल्या अंगाला बरं का." गल्लीत मैत्रिणी हाका मारत होत्या, मंडपात आमचा भोंडला सुरू होणार होता आणि माझी वेणीसुद्धा घालायची राहिली होती. मी धावत खळ्यात गेले, जी बाजू वर दिसली तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि पळाले. चाक पालथं आहे हे मला माहीत होतं. आदल्याच दिवशी ते पालथं करायला मी हात लावला होता. फक्त त्या क्षणी डोक्यात आलं नाही. माझी चूक एवढीच, आणि पुढं जे झालं ते सगळं तिच्यातून झालं.

चैत्रात खाडीकाठच्या एका गावची जत्रा होती, रंग दिल्यानंतर चक्री पहिल्यांदा तिथंच उभी राहणार होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. तिथं आम्ही चार वर्षं चक्री नेत होतो आणि तिथला एक मान होता. देवीची पालखी दुपारी देवळातून निघून खारजमिनीच्या माळावर यायची, आणि ती माळावर टेकली की चक्रीचा पहिला फेरा गावच्या मानकऱ्याच्या घरातल्या मुलांचा. तोपर्यंत चक्रीला कुणी बोट लावायचं नाही. आबांना मानकरी देवळात बोलावून नारळ द्यायचा आणि तो नारळ घेऊन आबा मानकऱ्याबरोबर पालखीच्या बऱ्याच मागून चालत यायचे. त्यामुळं चक्री उभी करायचं काम दादाचं आणि माझं. गावातल्या चार पोरांनी चाक चढवायला हात लावला. दादानं तुंबा निरखून कुंकू बघितलं, "हां, वर हाय," म्हणाला, आणि चाक खांबावर बसलं. मग मांडव चढला, पत्र्याची टोपी बसली. तुंबा झाकला गेला.

घोडे बसवायला लागल्यावर दादाचा चेहरा बदलला. पांढरा घोडा खुंटीवर बसवून तो दोन पावलं मागं गेला. "शके, ह्यो उलटा का बसतोय?" दुसरा बसवला, तोही उलटा. साधं अंग बाहेर, नटलेलं अंग आत. मला त्याच क्षणी खंडेनवमीचं खळं आठवलं. पालथं चाक आणि माझं लाल झालेलं बोट. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? मांडव उतरवावा लागला असता, चाक काढून फिरवावं लागलं असतं, दोन तास मोडले असते, पालखीला थांबावं लागलं असतं, आबांनी दादाला घरी नेऊन मारलं असतं. नेहमीसारखं. आणि मी नेहमीसारखी वाचले असते. पण सोळा वर्षांच्या पोरीला तेवढीही लाज नको होती. दादा म्हणाला, "म्या कुंकू बघूनच बसिवलं की गं. का माझीच नजर फिरली?" मी म्हटलं, "तूच नीट बघितलं नसशील. आता राहू दे. घोडा तो घोडा, कोण बघतंय?" त्यानं पत्र्याच्या टोपीकडं बघितलं, कुंकू तिच्याखाली झाकलं गेलं होतं. तेवढ्यात ताशे वाजायला लागले, पालखी देवळातून निघाली होती. "बघितलं नसंल," तो स्वतःशीच म्हणाला. "माझंच चुकलं असंल."

पालखी माळावर आली. ऊन डोक्यावर होतं, खारी वाफ जमिनीतून वर येत होती. मानकऱ्याच्या घरची सात मुलं घोड्यांवर बसली. सगळ्यांत पुढं त्याचा पाच वर्षांचा नातू, पांढऱ्या घोड्यावर, डोक्याला जरीची टोपी. तीन लेकींनंतर नवसानं झालेला. मी आणि दादा आत शिरलो, दांडक्याला छाती लावली आणि धावायला लागलो. माझ्या पायांना लगेच कळलं की आपण चुकीच्या बाजूनं धावतोय. वर्षानुवर्षं एकीकडं वळलेले पाय दुसरीकडं वळेनात. घुंगरं मात्र तशीच वाजत होती आणि मुलं खिदळत होती.

दोन फेरे झाले असतील. गर्दीतून एका म्हातारीचा आवाज आला. "थांबवा. थांबवा रं त्याला. उलटा फेरा मारतान. पोरांना चितंभवती फिरवतान." एकदा कुणीतरी बोललं की मग सगळ्यांनाच दिसतं. बायका छाती बडवायला लागल्या. मानकऱ्याचा धाकटा मुलगा, त्या पोराचा काका, गर्दी फोडून आला आणि त्यानं फिरता आरा दोन्ही हातांनी धरला. फिरतं चाक असं धरायचं नसतं. चक्रीला हिसका बसला, आरा कडकडला आणि पांढऱ्या घोड्यावरचं पोर उडून पुढच्या घोड्याच्या लाकडी खुरावर आपटलं. कपाळ फुटलं. जरीची टोपी लाल झाली.

पुढची दहा मिनिटं मला तुकड्यातुकड्यानं आठवतात. काका माझ्या अंगावरून दादाकडं गेला आणि त्यानं त्याचं डोकं खांबावर आपटलं. कुणीतरी वल्हं आणलं, कुणी कोयता. काळ्या घोड्याची मान दोन घावांत तुटली. आरशाचे तुकडे उन्हात उडत होते. दादा खाली पडला होता आणि त्याच्या पोटात लाथा बसत होत्या, आणि तो एकही शब्द बोलत नव्हता, फक्त गुडघे पोटाशी घेत होता. मला कुणी हात लावला नाही. एका बाईनं मला धरून बाजूला ओढलं आणि माझ्या डोक्यावर पदर टाकला. तिथंही मी वाचले. "मारून टाका त्याला," असा एक शांत आवाज मी ऐकला. ओरडणाऱ्यांची मला भीती वाटली नव्हती, त्या आवाजाची वाटली.

मग आबा आले. हातात मानाचा नारळ होता. त्यांनी मोडके घोडे बघितले, रक्ताळलेलं पोर बघितलं, जमिनीवरचा दादा बघितला. उरलेल्या घोड्यांकडं बघून त्यांना एका नजरेत सगळं उमगलं. गर्दी त्यांना वाट देत मागं सरली. त्यांनी नारळ पालखीसमोर ठेवला आणि विचारलं, "चाक कुणी बसिवलं?"

मी दादापासून चार हातांवर होते. मला एकच शब्द बोलायचा होता. मी म्हटलं असतं, कुंकू मी लावलं, तर आबांनी मला हात लावला नसता, त्यांचा देवाला शब्द होता. गावानंही लावला नसता, पोरीच्या जातीला कोण मारतंय. त्या माळावर खरं बोलून सुटू शकणारं एकच माणूस होतं आणि ते मी होते. जीभ टाळूला चिकटली, असं लोक लिहितात. माझी चिकटली नव्हती. मी गप्प बसले.

दादा गुडघ्यांवर उठला आणि म्हणाला, "म्या."

आबांनी ढकलायचं दांडकं उचललं. पहिला घाव खांद्यावर, दुसरा पाठीवर. तिसरा मांडीवर, तेव्हा दादा आडवा झाला. मी मोजत होते, का ते विचारू नका. पुढं मी पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते, जखमा शिवल्या, मोडलेली हाडं धरून ठेवली, त्यामुळं आज मला सांगता येतं की आबा आधी हाड वाचवून, मांस बघून मारत होते. ते गर्दीला दाखवत होते. गावानं मारलं तर पोर मरेल, आपण मारलं तर जगेल, हा त्यांचा हिशोब असणार. पण हात एकदा सुटला की हिशोब कुठं राहतो. सातवा घाव डाव्या कानावर बसला. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली आणि दादाच्या तोंडातून पहिल्यांदा आवाज निघाला. आठव्याला त्या मानकऱ्यानंच आबांचा हात धरला, ज्याच्या नातवाचं डोकं फुटलं होतं. "पुरं झाला, सुतार," तो म्हणाला. "मारशील पोराला. देवीचा दिवस हाय." आबा त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दांडकं टाकलं आणि मटकन खाली बसले. चाकाचे तुकडे गावानं तिथंच रचून पेटवले. कुंकू त्यातच गेलं.

तो मुलगा जगला. कपाळाला टाके पडले, गळपट्टीचं हाड मोडलं. आता पन्नाशीचा असेल, खाडीच्या बाजूला त्याच्या तीन इमारती उभ्या आहेत. दादाचा कान मात्र गेला. घरी आणल्यावर आईनं त्याला हळद लावली, रात्रंदिवस त्याच्याजवळ बसली, आणि त्या दिवसापासून तिनं आबांना समोर बसून कधी वाढलं नाही. ताट वाढून झाकून ठेवायची आणि दुसरीकडं निघून जायची. वीस वर्षं. आबांनी पुन्हा घोडा कोरला नाही. दादाला पुन्हा मारलंही नाही. माझी गंमत अशी की मला कुणी काही विचारलंच नाही. चांगुणाबायनं मला कालवण वाढलं, मी खाल्लं.

दादानं मात्र ती चूक आपल्या अंगाला लावून घेतली. सुताराचा मुलगा, पण हत्याराला पुन्हा शिवला नाही. म्हणायचा, "माझी नजर उलटी हाय. माझ्या हातनं उलटंच होतंय." बाजारात पाठीवर गोणी वाहिल्या. व्यापारी त्याला मुकादम करायला निघाले तर नको म्हणाला, माणसं मोजण्यात चुकेन म्हणून. आजही कुलूप लावून तीनदा ओढतो, गॅसचं बटण चारदा बघतो. आबांना शेवटी अर्धांगवायू झाला, तेव्हा चार वर्षं त्यानं त्यांचं हगणं-मुतणं काढलं. मी नर्स, पण केलं त्यानं. मी एकदा म्हटलं, थोडे दिवस माझ्याकडं ठेव. तर म्हणाला, "नको. माझ्यामुळं त्यांची चक्री गेली. माझं मलाच फेडू दे." त्या वेळी मी चहा गाळत होते. चहा गाळत राहिले.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडं गेले. तो आता मुलाकडं असतो, द्रोणागिरीला. मुलगा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करतो, सून स्वाती घरीच असते. नवी सोसायटी, सातवा मजला, खिडकीतून गोदामांचे पत्रे दिसतात. हे प्रकरण मी तोपर्यंत निम्मं लिहिलं होतं आणि माझ्या लक्षात आलं होतं की छापून आलं तर त्याची नात त्याला वाचून दाखवील. परक्या तोंडून त्याला कळू नये. दुपारी जेवणाआधी मी त्याच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाशी बसले आणि म्हटलं, "दादा, त्या वर्षी तुंब्याला कुंकू मी लावलं होतं. चाक पालथं पडलं होतं. मी उलट्या अंगाला लावलं."

"मोठ्यानं बोल," तो म्हणाला.

मी मोठ्यानं बोलले. स्वयंपाकघरातला कुकरचा आवाज थांबला आणि स्वाती दारात आली. मी सगळं सांगितलं. माळावर घोडे उलटे बसले तेव्हाच मला कळलं होतं, हेही सांगितलं. दादा माझ्या तोंडाकडं बघत होता. बहिरी माणसं ओठांकडं बघतात तसा.

"म्हंजे म्या कुंकू बरोबर बघितलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"वरच होतं."

"वरच होतं, दादा."

तो दोन्ही हात उलटेपालटे करून बघत होता. मग त्यानं विचारलं, "आबांना सांगितलंस?"

"नाही."

"ते जाताना? मी औषध आणायला खाली गेलो होतो, तू एकटी व्हतीस त्यांच्यापाशी. तवा?"

"तेव्हाही नाही."

त्यानं थोबाडीत मारली. उजव्या हाताची, पूर्ण ताकदीची. माझ्या माहितीत त्यानं आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता, ना बायकोवर, ना मुलावर. माझा चष्मा भिंतीपाशी गेला, कानात शिट्टी वाजली. स्वाती "बाबा" म्हणून किंचाळली आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. मी तिला बाजूला व्हायला सांगितलं. चौसष्ट वर्षांत आमच्या घरातला माझ्या वाट्याला आलेला हा पहिला मार. मला रडू आलं नाही. दादाला आलं. लहान मुलासारखं, नाक वाहीपर्यंत, आणि मी त्याला जवळ घेतलं नाही, कारण तो हक्क माझा नव्हता.

पाऊण तासानं तो बेसिनवर तोंड धुऊन आला. भिंतीपाशी वाकून त्यानं माझा चष्मा उचलला, सदऱ्याला पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. मग स्वातीला म्हणाला, "आत्याला वाढ. जेवल्याबिगर जाऊ दिऊ नकोस." तो शेजारी बसला, पण माझ्याकडं डावा, बहिरा कान करून. मी जेवले. डाव्या बाजूनं चावता येत नव्हतं, उजवीकडून जेवले.